पारपत्र परके, घर आपले!

परकीय नागरिकाने भारताच्या प्राप्तिकर खात्याकडून ‘पॅन’ क्रमांक कसा मिळवावा, हा प्रश्न वरकरणी निव्वळ कारकुनी स्वरूपाचा आहे. मुंबई-दिल्लीच्या वृत्तपत्रांत तो अर्थविषयक पानाच्या कोपऱ्यात चार ओळींत निकालात निघाला असता. गोमंतकात मात्र त्यावर अग्रलेख लिहिणे भाग पडते. येथे ‘परकीय नागरिक’ म्हटला की तो मोरजीच्या वाळूत पहुडलेला रशियन पाहुणाच असतो असे नाही. तो डिचोलीच्या एखाद्या वाड्यावरचा, कालपरवापर्यंत चवथीच्या माटोळीसाठी रानफळे शोधत हिंडणारा, जत्रेत पालखीमागे चालणारा आपलाच मुलगा असतो. त्याचे पारपत्र पोर्तुगालचे, नोकरी इंग्लंडात आणि घर, भाट व देवघर मात्र गोव्यात! या त्रिशंकू अवस्थेत त्याच्या वडिलार्जित घराचे भवितव्य दहा खुणांच्या एका क्रमांकात अडकून पडते, आणि त्याच्यासह मागे राहिलेल्या साऱ्या कुटुंबाचेही.

हा माणूस परका झाला कसा, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. मार्च १९६२ मध्ये भारत सरकारने काढलेल्या नागरिकत्वविषयक आदेशाने येथील भूमिपुत्रांना भारताचे नागरिक मानण्यात आले. ज्यांना पूर्वीचे नागरिकत्व राखायचे होते त्यांना तसे लेखी कळविण्यासाठी एक महिन्याची मुदत होती. ३१ डिसेंबर १९७४ च्या करारान्वये पोर्तुगालनेही गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. राजकीय प्रकरण तेथे मिटले. व्यक्तींचे प्रकरण मात्र उघडेच राहिले. मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना पोर्तुगालचा कायदा आपले मानीत राहिला आणि लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात जन्माची नोंद करून त्यांना व त्यांच्या मुलांना पोर्तुगीज पारपत्राची वाट मोकळी राहिली. इकडे आपल्या राज्यघटनेचे ९ वे कलम आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचेही ९ वे कलम यांचा दंडक स्पष्ट आहे: स्वेच्छेने परदेशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे संपले. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. एका दारातून आत पाऊल टाकताच पाठीमागचे दार बंद होते. ते बंद झाले आहे याची जाणीव मात्र अनेकांना फार उशिरा होते.

ही वाट केवळ सासष्टी-बार्देशच्या ख्रिस्ती बांधवांनी चोखाळली, असा एक समज आपल्या वाचकांत रुजलेला आहे. तो चुकीचा आहे. पेडणे आणि डिचोली हे नव्या काबिजादीतले तालुके अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज अमलाखाली आले; १९६१ पूर्वी तेथे जन्मलेला हिंदूही पोर्तुगालच्या कायद्याच्या दृष्टीने सासष्टीच्या ख्रिस्ती माणसाइतकाच हक्कदार ठरतो. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, पुन्हा सुरू झाल्या आणि मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पुन्हा थंडावल्या. ट्रक, बार्ज, गॅरेज, खानावळ यांवर जगणाऱ्या खाणपट्ट्यातील घरांनी त्या काळात परदेशाकडे नजर लावली असेल, तर त्यांना दोष कोणी द्यावा? युरोपीय नागरिकाला इंग्लंडात मुक्त प्रवेश होता तो २०२० च्या अखेरीस संपला. परंतु तोवर स्विंडनसारख्या गावात गोमंतकीयांची वस्ती रुजली होती. त्या वस्तीत कोकणी ऐकू येते, त्याबरोबर पेडण्याचा हेलही ऐकू येत असेल तर नवल नाही.

आता घराकडे वळू. गोव्याचा कौटुंबिक कायदा उर्वरित देशाहून वेगळा आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा येथे टिकून आहे आणि वारसाहक्काचे बरेचसे नियम आता २०१२ च्या राज्य कायद्यात आले आहेत. विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक होते, दोघांचा वाटा निम्मा-निम्मा, आणि मुलगा-मुलगी असा भेद वारशात नाही. या कायद्याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु त्याचा व्यावहारिक अर्थ काय होतो तो पाहा. साखळीजवळ एखादे जुने घर आहे असे समजा. वडील निवर्तले, चार विवाहित भावंडे मागे राहिली. घर विकायचे वा वाटून घ्यायचे तर चार भावंडांच्या चार नव्हे, जोडीदारांसह आठ सह्या लागतात. आई हयात असेल तर नऊ. या नवांपैकी दोघे जरी पोर्तुगीज पारपत्राचे असले आणि त्यांच्यापाशी पॅन नसला, तरी उरलेल्या सातांचा कागद उपनिबंधकांच्या टेबलावर अडून बसतो. ठराविक रकमेवरील स्थावराच्या व्यवहारात पॅन नमूद करावाच लागतो. घर आईचे, कौले गळकी, पावसाळा तोंडावर, आणि खोळंबा कशासाठी तर परमुलखातल्या सुनेच्या क्रमांकासाठी!

यापुढची गोष्ट तर बहुतेकांना ठाऊकच नसते. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात खास गोव्यासाठी ‘५-अ’ हे कलम १९९४ मध्ये घालण्यात आले आणि ते १ एप्रिल १९६३ पासून लागू मानले गेले. सामाईक मालमत्तेच्या पद्धतीखाली येणाऱ्या पती-पत्नीचे पगाराखेरीजचे उत्पन्न, म्हणजे घरभाडे, व्याज, धंद्याचा नफा, विक्रीवरील नफा, हे दोघांत समसमान विभागून दोघांच्याही नावे कर आकारावा असे ते कलम सांगते. ज्याच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली त्या २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्यानेही ही तरतूद कायम राखली आहे. म्हणजे नवरा डिचोलीत राहून दुकानाचे भाडे घेत असेल आणि बायको पोर्तुगीज नागरिक होऊन इंग्लंडात इस्पितळात राबत असेल, तरी त्या भाड्याचा अर्धा भाग कायद्याने तिच्या खात्यावर चढतो. तिला पॅन हवा, तोही तिच्या स्वतःच्या नावाचा. अन्यत्र परकीय नागरिकाला पॅन लागतो तो धंद्यासाठी वा नोकरीसाठी. गोव्यात तो नुसत्या संसारासाठीही लागतो. आमच्या स्त्रियांना कायद्याने अर्धा वाटा दिला, पण त्या वाट्याची नोंद सरकारदरबारी स्वतःच्या नावे हवी, हे त्यांना कोणी सांगितले?

मग तो मिळवायचा कसा? अर्ज काही वेदमंत्र नव्हे. नोव्हेंबर २०११ पासून परकीय नागरिकांसाठी ‘४९-एए’ हा वेगळा अर्ज करण्यात आला. भारतीय नागरिकांचा अर्ज ‘४९-ए’. नव्या कायद्याबरोबर कलमांचे व अर्जांचे आकडे बदलले तरी भेद तोच राहतो. ओळखीसाठी परकीय पारपत्राची किंवा परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाच्या, म्हणजे ‘ओसीआय’ कार्डाची प्रत चालते. त्याऐवजी त्या देशाचे ओळखपत्र वा तेथील करदाता क्रमांक द्यायचा असेल तर त्यावर अपोस्टिलचा शिक्का, भारतीय वकिलातीचे साक्षांकन किंवा भारतात नोंदलेल्या बँकेच्या परदेशी शाखेतील अधिकाऱ्याची सही लागते. खरी अडचण पत्त्याची. इंग्लंडच्या वा पोर्तुगालच्या पारपत्रावर निवासाचा पत्ता छापलेला नसतो, म्हणून तेथील बँकेचे खातेपत्रक किंवा भारतातील अनिवासी खात्याचे पत्रक जोडावे लागते. दुसरी अडचण नावाची, आणि ती खास आपली. पोर्तुगीज अमदानीतल्या जन्मनोंदींत प्रभूचा ‘पोरोबो’ झाला, शेणैचा ‘सिनाय’ झाला, कामतांचा ‘कामोतिम’ झाला. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, लिस्बनच्या नोंदीत दुसरे, उताऱ्यावर तिसरे. पॅनच्या दहा खुणांतील पाचवी खूण व्यक्तीच्या आडनावाचे आद्याक्षर असते. तेव्हा आडनाव कोणते हे आधी घरात ठरविले पाहिजे आणि सर्व कागद त्याच्याशी जुळवून घेतले पाहिजेत.

याहून महत्त्वाची एक सूचना. ज्याच्यापाशी भारतीय नागरिक असतानाचा पॅन आहे, त्याने परके पारपत्र घेतले म्हणून नवा पॅन काढावयाचा नाही. क्रमांक जन्माचा एकच. दोन बाळगल्यास दहा हजार रुपये दंड होऊ शकतो. त्याने जुन्याच क्रमांकाच्या नोंदीत आपले बदललेले नागरिकत्व, निवास आणि पत्ता दाखल करावयाचा. हे न केल्याने काय होते याचा अनुभव २०२३ मध्ये आला. आधारशी न जोडलेले पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय झाले. भारताचे नागरिक नसलेल्यांना आणि अनिवासींना या जोडणीतून मे २०१७ च्या अधिसूचनेने सूट होती. परंतु ज्यांनी आपण अनिवासी वा परकीय झालो हे खात्याला कधी कळविलेच नव्हते, त्यांना खाते निवासी भारतीयच समजत होते. त्यांचेही क्रमांक मेले. सूट कायद्यात होती, पण ज्याने आपली खरी स्थिती लपविली त्याच्या ती उपयोगी पडली नाही.

लपविण्याचे मूळ आहे भीतीत, आणि भीतीचे मूळ आहे घोटाळ्यात. नागरिकत्व, निवास आणि करदायित्व या तीन वेगळ्या गोष्टी आपण एका गाठोड्यात बांधल्या आहेत. नागरिकत्व पारपत्राने ठरते. करासाठीचा निवास मुख्यतः वर्षातील मुक्कामाच्या दिवसांवरून मोजला जातो आणि १८२ दिवसांची कसोटी त्यात प्रमुख आहे. गोव्याच्या घरोघरच्या ‘तारवटी’चेच उदाहरण घ्या. बोटीवर बहुतेक वर्ष काढणारा आपला खलाशी भारतीय पारपत्र बाळगतो, तरीही प्राप्तिकराच्या हिशेबी तो अनिवासी ठरू शकतो. उलट पोर्तुगीज पारपत्र खिशात ठेवून निवृत्तीनंतर बारा महिने डिचोलीत राहणारा गृहस्थ परकीय असूनही करापुरता निवासीच असतो. तिसरी गोष्ट पॅन. तो नागरिकत्वाचा दाखला नव्हे आणि निवासाचाही नव्हे. त्या दहा खुणांत धारक कोणत्या देशाचा हे सांगणारी एकही खूण नाही. सरकारला करदाता ओळखता यावा, इतकेच त्याचे काम. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका जामीन अर्जावर निकाल देताना, आधार, पॅन वा मतदार ओळखपत्र जवळ आहे एवढ्याने कोणी भारताचा नागरिक ठरत नाही, असे स्पष्ट केले. पॅन घेतल्याने नागरिकत्व मिळत नाही. तसेच नागरिकत्व गेल्याने पॅनचा हक्कही जात नाही.

ही गफलत खिशाला कशी चाट लावते ते विक्रीच्या वेळी कळते. विकणारा निवासी असेल तर पन्नास लाखांवरील स्थावराच्या किमतीतून खरेदीदाराने एक टक्का कर कापून भरावयाचा असतो. विकणारा अनिवासी असेल तर भांडवली नफ्याच्या दराने कपात करावी लागते. आणि कमी कपातीचा दाखला खात्याकडून आधी आणलेला नसेल तर सावध खरेदीदार ती नफ्यावर न करता सगळ्या किमतीवर करतो. वडिलार्जित घराच्या विक्रीत हा फरक लाखांच्या घरात जातो. जादा कापलेला कर परत मिळतो, पण त्यासाठी विवरणपत्र भरावे लागते आणि पॅनवाचून विवरणपत्र नाही. विकणाऱ्याने आपली स्थिती लपविली आणि खरेदीदाराने एकच टक्का कापला, तर उरलेल्या कराचा तगादा खरेदीदाराच्या मानगुटीवर बसतो. म्हणजे एकाच्या लपवाछपवीची शिक्षा ज्याने आयुष्यभराची पुंजी घालून घर घेतले त्या दुसऱ्याला!

नाण्याला दुसरीही बाजू आहे आणि ती पेडणे तालुक्यात अधिक ठळक दिसते. मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल या किनारपट्टीवर परदेशी पाहुणे हंगामापुरते येतात आणि काही वर्षानुवर्षे मुक्काम करतात. जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ प्रवाशांसाठी खुला झाला आणि जमिनीचे भाव माडाच्या शेंड्याला पोचले. येथे उलटाच भ्रम आढळतो: पॅन मिळाला, बँकेत खाते उघडले, म्हणजे जमीन घेण्याचा परवाना मिळाला! हे साफ खोटे आहे. परकीय चलन व्यवस्थापन कायदा वेगळा आणि प्राप्तिकर कायदा वेगळा. पर्यटक म्हणून आलेल्या, भारतीय वंशाच्या नसलेल्या परकीयाला येथे स्थावर विकत घेता येत नाही, मग त्याच्या पाकिटात पॅन असो वा नसो. ओसीआय कार्ड असलेल्या आपल्या माणसालासुद्धा घर घेता येते, पण शेतजमीन, मळा वा फार्महाऊस विकत घेता येत नाही. कायदेशीर धंदा करणाऱ्या, कर भरणाऱ्या परकीयाने पॅन जरूर घ्यावा; त्याचा कर देशाच्या तिजोरीत येतो. पण त्या क्रमांकाच्या आडून कोणी जमिनीचा सौदा पटवू लागला, तर तो पटविणारा दलाल बहुतेक वेळा आपल्याच गावचा असतो, हे पेडणेकरांनी विसरू नये.

मालकाचे नागरिकत्व आणि गावाची जमीन यांची सांगड तुटली की काय होते, हे डिचोली तालुक्याला वेगळे सांगावयास नको. मये गावाची प्रचंड मालमत्ता ‘कोंद दि मये’ या पोर्तुगीज सरदार घराण्याची. मुक्तीनंतर मालक निघून गेले. १९६४ च्या कायद्याने ती मालमत्ता सरकारी ताब्यात आली. आणि पिढ्यान् पिढ्या तेथे राबणारी कुळे व घरवाले आपल्याच घरात परक्यासारखे राहिले. ना घर नावावर, ना शेत नावावर. ते जुने हक्क रद्द करणारा कायदा होण्यास २०१४ साल उजाडावे लागले. अर्धशतक! मयेचा इतिहास येथे मांडण्याचा हेतू हा की, मालक समुद्रापार आणि कागद अधांतरी अशी स्थिती एकदा निर्माण झाली म्हणजे तिचे चटके समुद्रापार गेलेल्यापेक्षा मागे राहिलेल्यालाच अधिक बसतात. तेव्हा ती एका सरदाराची मालमत्ता होती. आज तशीच गुंतागुंत लहान लहान घरांतून पसरते आहे. भाऊ तिकडे, कागद अपुरे, घराला कुलूप, आणि पावसाळ्यागणिक खचणाऱ्या भिंती.

कोणी म्हणेल, ज्यांनी भारताचे नागरिकत्व सोडले त्यांची एवढी चिंता वृत्तपत्राने का वाहावी? गोव्याच्या मुक्तीसाठी ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, आग्वादच्या तुरुंगात दिवस काढले, त्यांच्या मनात हा प्रश्न आला तर तो समजण्याजोगा आहे. पोर्तुगालचे पारपत्र मिरविण्याची गोष्ट आहे, असे आम्हीही मानीत नाही. परंतु रागाने कायदा बदलत नाही. देशाच्या संसदेने केलेल्या कायद्याने त्यांचे नागरिकत्व संपले, मतदानाचा हक्क संपला; तो हिशेब तेथे पुरा झाला. त्याच कायद्याने त्यांचा वारसा मात्र राखला आहे, आणि त्यावरील कर त्यांच्याकडून मागितला आहे. कर मागायचा तर कर भरण्याचे दार उघडे आणि ओळखीचे ठेवावयास नको काय? भारतीय पारपत्र वेळेवर परत न केल्यामुळे ओसीआय कार्डासाठी अडून बसलेल्या गोमंतकीयांचा प्रश्न विधानसभेपासून दिल्लीपर्यंत गाजला. त्यातून एकच बोध घ्यावयाचा: प्रथमच खरे सांगितले असते तर पुढचे हेलपाटे वाचले असते.

म्हणून आमच्या काही मागण्या आहेत आणि त्या खर्चिक नाहीत. डिचोली व पेडणे येथील मामलेदार व उपनिबंधक कार्यालयांत परकीय नागरिक झालेल्या वारसांना कोणते कागद लागतात याचा मराठी व कोकणी फलक लावावा. प्राप्तिकर खात्याने पणजी-मडगावपुरते न थांबता, परदेशस्थ गोमंतकीय चवथीला आणि नाताळाला गावी येतात त्या दिवसांत तालुक्याच्या ठिकाणी मदतकक्ष ठेवावा. जुन्या पॅनवरील नागरिकत्व बदलण्याची रीत आज कोणा एजंटाच्या गुपितासारखी हजारो रुपयांना विकली जाते. ती खात्यानेच साध्या शब्दांत छापून द्यावी. वकील व नोटरींनी इन्व्हेंटरीचा दावा दाखल करतानाच सर्व वारसांच्या व त्यांच्या जोडीदारांच्या क्रमांकांची विचारपूस करावी. विक्रीच्या आदल्या दिवशी नव्हे.

आणि दोन शब्द कुटुंबांसाठी. या वर्षी चवथीला सारी भावंडे एकत्र जमतील तेव्हा आरतीनंतर अर्धा तास काढून एक कागद करावा: कोण कोणत्या देशाचा नागरिक, कोणापाशी पॅन आहे, तो कोणत्या नावाने आहे, सुनांच्या आणि जावयांच्या नावाचा आहे की नाही. ज्याचे पारपत्र बदलले असेल त्याने तसे उघड सांगावे. त्याने त्याचे देवघर हिरावले जात नाही. परके पारपत्र घेणे हा ज्याचा त्याचा निर्णय. पण त्या निर्णयाचा बोजा म्हाताऱ्या आईच्या गळक्या कौलांवर पडू न देणे, हे कर्तव्य मात्र समुद्र ओलांडल्याने संपत नाही.